प्याला टळावा असें वाटतें तेव्हां
(मत्तय २६ : ३६-४६)

आमच्या मंडळींतील एका भगिनीच्या स्तनांतील कर्करोगाची गांठ शस्त्रक्रियेनें काढली. जखम भरली. आतां डॉक्टर केमोथेरपी घ्या म्हणतात. ती मला म्हणाली, "पाळकसाहेब, गांठ गेली, मग हें जालीम औषध कशाला? भीति वाटते, माझा विश्वास उणा तर नाहीं?"

गेथशेमाने बागेंत आपल्या प्रभूनें प्याला टळावा म्हणून तीनदां विनविलें. त्याचा प्याला निराळा, हें मी जाणतों; पण भय वाटणें हें पाप नव्हे, एवढें तेथें स्पष्ट दिसतें.

हरळी खणून काढली तरी तिच्या काशा मातींत राहतात, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. तशा रोगाच्या न दिसणाऱ्या पेशी शरीरांत उरूं शकतात. काखेंतील गांठींपर्यंत रोग गेलेल्या स्त्रियांस शस्त्रक्रियेनंतर असें औषध दिल्यानें तो उलटण्याचें प्रमाण घटतें, असें इटलींतील मिलान येथील डॉ. बोनादोन्ना यांनीं १९७६ सालीं दाखविलें. पुरती खात्री कोणी देत नाहीं. मींही दिली नाहीं. परंतु "प्रार्थना असतां औषध कशाला?" असें तिला सांगणाऱ्यांचें बोलणें मला मान्य नाहीं.

प्रभूनें त्या रात्रीं तिघांस जवळ जागें राहण्यास सांगितलें, आणि ते झोंपले. आमच्या दोन भगिनी पहिल्या पाळीस तिच्याबरोबर जाणार आहेत. मध्यंतरीं ताप आल्यास रात्रींही इस्पितळ गाठावें, असें डॉक्टरांनीं बजाविलें आहे. गाडीवाल्यास आम्हीं सांगून ठेविलें आहे.