जुळलं का?

हिशेब जुळला नाही तर बँकेतला माणूस घरी जात नाही, आणि गेलाच तर त्याला जेवण जात नाही. नोकरीला नवा लागलो तेव्हा पंचाहत्तर पैशांच्या फरकापायी मी रात्री दहापर्यंत बसलेलो आहे. खिशातून पंचाहत्तर पैसे टाकून मोकळं व्हायची सोय नसते, कारण फरक पैशांचा नसतो, नोंदीचा असतो. पुढे संगणक आला, तो सगळं आपणहून जुळवू लागला आणि माझी खोड बेकार झाली. ती भागवायला मी गावच्या क्रिकेट संघाचा स्कोरर झालो. बी.कॉम. झालेल्या माणसाला खेळता येत नसलं तरी मोजता येतं, असा गावाचा समज आहे.

क्रिकेटचं स्कोरबुक म्हणजे अस्सल द्विनोंदी पद्धत. धाव निघाली की एकदा फलंदाजाच्या नावे जमा, एकदा गोलंदाजाच्या नावे खर्च. शेवटी फलंदाजांच्या धावा अधिक सगळ्या अवांतर, ही बेरीज गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय आणि लेगबाय यांच्याइतकी यायलाच हवी. ही युक्ती ज्यानं काढली त्याला मी मनोमन वाणिज्य शाखेत प्रवेश देऊन टाकला आहे.

तर, चषकाचा अंतिम सामना. हिंगोली जिल्ह्यातलं सोयाबीन निघालेलं रान, दहा-दहा षटकं. आमच्या धावा 61. समोरच्यांचा डाव संपला तेव्हा फळ्यावर 60. एका धावेनं चषक आमचा! आमच्या गावाला यापूर्वी चषक मिळाल्याची नोंद कुणाच्याच दप्तरात नाही. हलगी सुरू झाली, गुलाल उडाला.

मी आपली सवयीनं बेरीज मारली. फलंदाजांची बाजू 60, गोलंदाजांची 62. पुन्हा मारली. तेच. सहाव्या षटकात चेंडू म्हशींत गेला होता, दोघं दोन धावा पळाले होते, आणि नेमका तेव्हाच मला चहा आला होता. गोलंदाजाच्या रकान्यात दोन लिहून मी बशी धरली आणि फलंदाजाच्या ओळीत लिहायचं राहिलं. समोरचा स्कोरर नवशिका, तो माझंच पाहून लिहीत होता. बँकेतल्या माणसावर लोक विश्वास ठेवतात, त्याचे हे परिणाम.

एवढ्यात पंच आले. "जुळलं का?"

सामना संपल्यावर पंचांनी आणि स्कोररनी आकडे बरोबर असल्याचं एकदा ठरवलं, की मग निकाल बदलता येत नाही, असा क्रिकेटचा नियमच आहे. म्हणजे मी नुसतं "हो" म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणालो. हलगी थांबायला मात्र बराच वेळ लागला. वाजवणाऱ्याला सांगायला कुणी पुढे होईना.

परतीच्या टेंपोत शेवटचं षटक टाकलेला अकरावीतला पोरगा डोळे पुसत म्हणाला, "काका, कामून सांगितलं? चुकी तुमची, अन् कप आमचा गेला."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. संयुक्त खात्यावर सगळ्यांच्या सह्या लागत असतील तर एकट्याला दमडी काढता येत नाही, हे मी रोज खिडकीतून लोकांना सांगतो. मग अकरा जणांचा विजय मी एकट्याच्या सहीनं काढून दिला कसा? 1980 च्या फेब्रुवारीत वानखेडेवरच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला आपला कर्णधार विश्वनाथनं परत बोलावलं. टेलरनं 43 केल्या, बोथमबरोबर 171 धावांची भागी केली आणि इंग्लंड 10 गडी राखून जिंकलं. लोक आजही विश्वनाथचं नाव आदरानं घेतात. त्या पराभवातल्या उरलेल्या दहा वाटेकऱ्यांची आठवण कोण काढतो?

उत्तर मला सोमवारी कामावर मिळालं. एका संयुक्त खात्यात भलत्याचीच रक्कम जमा झाली होती. ती मागे फिरवताना आम्ही खातेदारांच्या सह्या गोळा करत बसलो नाही. पैसे त्यांच्या खात्यात होते, त्यांचे नव्हते. तसाच तो चषक. विश्वनाथनं हातातलं दिलं, मी फक्त चुकीची नोंद फिरवली. तेव्हा पुण्य माझ्या नावे काही जमा नाही.

पण पाच मिनिटांची ती हलगी खरी होती. तिची उलट नोंद करता येत नाही. ते देणं माझ्या नावावर उरलं, म्हणून संध्याकाळी पोराच्या घरी जाऊन माफी मागितली. धीर द्यावा म्हणून गोरोबाकाकांनी नामदेवांना भर संतमेळ्यात कच्चं मडकं ठरवल्याची गोष्ट सुरू केली. पण नामदेवांच्या नरसीच्या शेजारी वाढलेल्या पोराला ती पाठ होती. तो शांतपणे म्हणाला,

"ते जाऊ द्या काका. पुढल्या वर्षी चहा तेवढा सामना झाल्यावर घ्या."