भीत भीत केलेलें आज्ञापालन

ज्याच्या मनांत भय आहे त्याच्या ठायीं विश्वास नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. मग गिदोनाविषयीं काय म्हणावें? शास्ते या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायांत तो मिद्यानी लोकांपासून गहूं लपवावा म्हणून द्राक्षकुंडांत झोडीत असलेला आढळतो. बापाची बआलवेदी मोडण्याची आज्ञा त्यास झाली. त्यानें 10 चाकर घेऊन ती मोडली, पण रात्रीं. कारण बापाच्या घराण्याचें व गांवकऱ्यांचें त्यास भय वाटलें. (परक्या सैन्यापेक्षां घरच्या मंडळीचें भय कधीं कधीं अधिक असतें, हें खेड्यांतील वाचकांस सांगणें नलगे.) तथापि सकाळीं वेदी मोडलेली होती, आणि त्याचा बापच त्याच्या बाजूनें बोलला.

पुढें 22,000 भित्रे लोक घरीं परतले. मागें राहिलेला गिदोन निर्भय होता काय? लढाईच्या रात्रीं देवानें त्यास म्हटलें कीं, एकट्यानें जाण्यास भीत असशील तर पुरा नामक चाकरास घेऊन छावणीकडे उतर. तो चाकरास घेऊनच गेला. त्याबद्दल त्यास दोष लागला नाहीं. भय वाटणें निराळें आणि भयास धनी करून त्याचें ऐकणें निराळें. छावणीजवळ एका शत्रूचें स्वप्न त्याच्या कानीं पडलें. त्यानें देवास नमन केलें, आणि परत येऊन आपल्या 300 माणसांस उठविलें.