निजामाचं जवाहीर आणि गायरानाची पावती

कोहिनूर परत आणा, अशी आरोळी आपल्याकडं दर दोन-चार वर्षांनी उठते. तो हिरा लंडनच्या टॉवरमध्ये राणीच्या मुकुटात जडवून ठेवलाय. १८४९ साली इंग्रजांनी पंजाब गिळला तेव्हा दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तो तहात लिहून घेतला. पोराची सही घेऊन नेलेला माल हा चोरीचाच माल. त्याबद्दल माझा वाद नाही.

माझा सवाल पुढचा आहे. परत आणून द्यायचा कुणाला? 'देशाला' हे उत्तर फार सोपं झालं. या 'देशा'त गावकुसाबाहेरची वस्ती धरलीय का, हे आधी तपासा. त्यासाठी लंडनला जायला नको. नांदेड-लातूरवर ज्याचं राज्य होतं त्याचं जवाहीर सरकारनं घेतलं आणि मुंबईला रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत ठेवलं.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि जिल्ह्याला नाव मीर उस्मान अलीचं. १९३७ साली अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकानं जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याला मुखपृष्ठावर आणलं. त्याची खाजगी जमीन होती, तिला सर्फेखास म्हणत. तिचा सारा राज्याच्या खजिन्यात जात नसे, त्याच्या स्वतःच्या तिजोरीत जाई. १९४९ साली सर्फेखास सरकारात विलीन झाली तेव्हा त्याला भरपाई मिळाली, तनखा वेगळा. जवाहीर त्यानं ट्रस्ट करून कुटुंबासाठी राखलं. १९९५ साली केंद्र सरकारनं त्यातले १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले.

त्यात एक जेकब हिरा आहे, १८४.७५ कॅरटचा. सहाव्या निजामानं तो १८९१ साली घ्यायला काढला, त्यावरून कोर्टकज्जा झाला, मन उडालं. पुढं तो त्याच्या जोड्यात सापडला आणि लेकानं कागदावर वजन म्हणून वापरला, असं सांगतात. सांगणारे कौतुकानं सांगतात. हा हिरा दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतला. तिथं काळ्या मजुरांना कंपाउंडात कोंडून, नागवं करून झडती घेत. आपल्याकडच्या गोवळकोंडा राज्यातली कोल्लूरची खाण सतराव्या शतकात तॅव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं पाहिली. साठ हजार माणसं राबत होती, असं त्यानं लिहून ठेवलंय. पुरुष खणत, बाया-पोरं माती वाहत. त्यातलं एकाचंही नाव कुठल्या हिऱ्याला नाही. जेकब हे नाव सुद्धा दलालाचं.

आता एक मित्र म्हणतो, "मालमत्ता कायद्यानं त्यांची होती, सरकारनं दाम मोजून घेतली, चुकलं काय? फुकट ओढून घेतली असती तर उद्या आपल्या झोपड्याही ओढतील." हा मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. आपण घटनेच्या वाटेनं चालणारे. पण म्हणूनच विचारायचं की माप एकच आहे का?

निजामाचा हक्क कशावर उभा होता? ताबा आणि कागद यांवर. कागद करणारी सत्ता त्याचीच. आपल्या माणसाकडंही ताबा आहे, वर घाम आहे. फक्त कागद नाही. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली, ती या कागदासाठी. १९९१ साली महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची वहिती नियमित करायची. किती घरं अजून सातबारासाठी खेटे घालतात! मग २०११ साली गायरान वाचवण्याचा शासन निर्णय आला, २०२२ साली अतिक्रमणं काढा असा हायकोर्टाचा आदेश आला, आणि नोटिसा निघाल्या. राजाच्या वारसाला भरपाई, वस्तीला नोटीस. मला न्यायाचा प्रश्न इथं दिसतो.

साथीहो, एक सावधगिरी. हा हिशेब हिंदू-मुसलमानाचा करू पाहणारे टपलेले आहेत. त्यांना विचारा, गावात सारा कोण वसूल करीत होतं? देशमुख, पाटील, कुलकर्णी. वेठ कुणाच्या वाड्यावर? निजाम गेला, वाडे राहिले. १९४८ च्या कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड भागांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या, हे सुंदरलाल समितीनं नोंदवलंय. राजाचे हिरे सलामत, जीव गेला गरिबाचा. ही बेरीज विसरून कुणाच्या मागं जाऊ नका.

मग आपला वाटा म्हणून ते हिरे मागायचे का? मी मागणार नाही. डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं की हातातल्या कथलाच्या-चांदीच्या गोठपाटल्या टाका, त्यावरून तुमची जात ओळखू येते. त्यातलं मर्म असं की दागिना ही नुसती शोभा नाही, ती पाटी आहे. कोण वर, कोण खाली, ते ती सांगते. राजाचा शिरपेच आणि माझ्या आजीच्या मनगटावरचं कथील एकाच उतरंडीवरची दोन टोकं. खालची पाटी आपण फेकली. वरच्या पाटीपुढं मात्र तिकीट काढून माना वाकवायच्या, आणि त्याला 'वारसा' म्हणायचं?

हिरे राहू देत संग्रहालयात. फोडायचे नाहीत, जाळायचे नाहीत. पण काचेखाली कॅरटाचा आकडा लिहिता, तसं खाणीत कोण राबलं, साऱ्याचा पैसा कुणाच्या शेतातून आला, तेही लिहा. एवढी मागणी आपल्याला करता येते.

दुसरं काम वस्तीवरचं. लातूर तालुक्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "सरकारनं दंड घेतला म्हंजी जमीन म्या कसली, हे सरकारला ठावं व्हतंच की." यापेक्षा चोख युक्तिवाद मी वकिलाच्या तोंडून ऐकला नाही. अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या, जुन्या केसांचे कागद आपल्या घरांत पत्र्याच्या पेटीत, आढ्याला खोवलेले पडलेत. वाळवी खाण्याआधी ते गोळा करा. गावनिहाय यादी करा, नकला काढा, तहसीलला एकेकट्यानं न जाता मिळून जा. २१८ कोटींच्या जवाहिराला पहारा आहे. या पावत्यांना पहारा आपणच द्यायचा आहे.