कानांना पापण्या नाहीत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गीतेच्या सतराव्या अध्यायात तीन तपे सांगितली आहेत : शरीराचे, वाणीचे आणि मनाचे. मग मौन कोणत्या तपात येते? आपण पटकन म्हणू, वाणीच्या. पण भगवंतांनी ते मनाच्या तपात धरले आहे. तोंड मिटले आणि आत गोंगाट चालूच राहिला, तर ते मौन कसले?

हा आतला गोंगाट बराचसा बाहेरूनच येतो. डोळे मिटता येतात, पण कानांना पापण्या नाहीत. मूल वाचते तेव्हा शब्द मनातल्या मनात ऐकत असते. त्याच वेळी टीव्हीवरचे बोलणे कानावर पडले, की दोन्ही एकाच दारात अडकतात. पाठ झालेले निसटते. आपण म्हणतो, पोराचे लक्षच नाही!

न्यूयॉर्कमध्ये एका शाळेजवळून उंच पुलावरून आगगाडी जायची. १९७५ साली आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी दाखवले, की रुळाच्या बाजूच्या वर्गांतली मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती. पुढे रुळांना रबर लावले, वर्गांना आवाज शोषणारी छते बसवली, आणि तो फरक गेला. बुद्धी कमी नव्हती हो, शांतता कमी होती.

पेडण्यात मोरजी-मांद्रेकडच्या पार्ट्यांचा आवाज, डिचोलीत खनिजाच्या ट्रकांचा. त्याविरुद्ध बोलायलाच हवे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला कायद्यानेच मनाई आहे. पण आपल्या सप्ताहाच्या कर्ण्याचे काय? शेजारी दहावीचे मूल पुस्तक घेऊन बसले आहे, पलीकडे कोणी आजारी आहे. त्यांची शांती मोडून केलेले भजन देवाला कसे पोचेल? चवथीच्या आरतीला घुमट आणि टाळ पुरतात. देव काही बहिरा नाही.

या आठवड्याचा संकल्प :
🌼 तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर एक तास टीव्ही बंद, मोबाईल सायलेंट.
🌼 त्या तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी मनातल्या मनात नामस्मरण.
🌼 भजनाचा आवाज मंडपाबाहेर जाऊ देऊ नये.

लेकराला दिलेली शांतता ही गुरुसेवाच आहे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥