माशाची तडफड आणि यात्रेचे पुण्य

शंका : महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याला वैनगंगेत स्नान करतो, मार्कंडेश्वराचे दर्शन घेतो, माशांना कणकेच्या गोळ्या घालतो. एरवी मात्र घरात मासळी शिजते. मग माशांवर दया करण्याची भाषा आमच्या तोंडी ढोंगच नाही का? शिवाय माशाला दुःख कळते तरी का?

समाधान : यात ढोंग नाही. खाणे वेगळे आणि छळणे वेगळे. खाणाऱ्यावरही छळ टाळण्याचे बंधन आहेच. ज्या ऋषींच्या नावाने हे क्षेत्र ओळखले जाते, त्या मार्कंडेयांनीच महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिराला मनू आणि माशाची कथा सांगितली आहे. इवलासा मासा म्हणतो, मोठे मासे मला गिळतील, मला वाचव. मनू कळवळतो, त्याला आधी घटात, मग वापीत, पुढे गंगेत आणि अखेर समुद्रात नेतो. त्या माशाने प्रलयात नाव तारली एवढेच आपल्या लक्षात राहते. पण प्रलयाची वार्ता मनूला कळली ती मासा समुद्रात पोहोचल्यावर. त्याआधीची सगळी दया एका भ्यालेल्या जिवासाठी होती.

ते भय आणि ती वेदना कल्पनेतली नाही. जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचून पाहिले. माशांनी जवळजवळ तीन तास अन्न सोडले. आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. मॉर्फिन दिल्यावर हे घासणे कमी झाले. माशाच्या मेंदूत माणसासारखे बाह्यक आवरण नाही, म्हणून ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असा काही शास्त्रज्ञांचा आक्षेप आहे. पण नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेने मासा एवढा वेळ उपाशी राहील, हे मला पटत नाही. आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही माणसाखेरीज प्रत्येक सजीव 'प्राणी' आहे. मासा त्यातून वगळलेला नाही.

मग धीवरांनी पोट कसे भरावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, पण जाळे टाकणाऱ्या धीवराकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. डोहात विष कालवणे, जिलेटीन फोडणे, पाण्यात विजेची तार सोडणे यांत पिल्ले, कासवे, खेकडे सरसकट मरतात आणि पुढच्या हंगामात रिकामे जाळे धीवराच्याच हाती येते. स्फोटके आणि विष यांना तर १८९७च्या मत्स्य कायद्यापासून मनाई आहे. आपल्यापुरते सांगायचे तर पावसाळ्यात अंड्यांनी भरलेली मासळी विकत घेऊ नका. धरलेला मासा टोपलीत तडफडत ठेवण्यापेक्षा डोक्यावर एका घावात त्याला बेशुद्ध करणे कमी क्रूर आहे. पुण्यासाठी बाजारातला जिवंत मांगूर नदीत सोडू नका. परदेशी मांगूर असला तर तो स्थानिक मासेच फस्त करतो. कणकेच्या गोळ्या घालायच्या तर मूठभर घाला, पण त्यांची प्लास्टिकची पिशवी आणि निर्माल्य वैनगंगेत न टाकता घरी परत न्या.