नाही म्हणायची मुभा

जमीन एकाच्या ताब्यात आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, हा गुंता मराठवाड्यात गावोगाव आहे. आजोबांनी तोंडी वाटणी केली, एकाला नाल्याकडचं रान दिलं, दुसऱ्याला रस्त्याकडचं. कागदावर मात्र ते उलटं चढलं. पुढे रस्त्याकडच्या जमिनीला भाव आला आणि मग मोजणी, दावा, मनाई हुकूम. पैठण, गंगापूर, सिल्लोड, कन्नडकडून छत्रपती संभाजीनगरच्या अदालत रोडला येणाऱ्या पक्षकारांत असे सख्खे चुलतभाऊ असतात. एकाच एसटीने येतात आणि एकमेकांकडे न बघता पुढची तारीख घेऊन परततात.

अशांसाठी राज्य सरकारने जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आणली. बारा वर्षांपासून ताबा असा उलटसुलट असेल आणि दोघेही राजी असतील, तर अदलाबदलीचा दस्त 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फीमध्ये होतो. तलाठी आणि मंडळ अधिकारी जागेवर येऊन पंचनामा करतात. खर्चाची अडचण अशी दूर झाली. पण ‘दोघेही राजी असतील तर’ ही अट कोणत्याही शासन निर्णयाने पुरी होत नाही. त्यासाठी कुणीतरी दोघांचं ऐकून घ्यावं लागतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 ने न्यायालयांना मध्यस्थीची ही वाट 1 जुलै 2002 पासून मोकळी करून दिली. न्यायाधीश दावा मध्यस्थाकडे पाठवतात. मध्यस्थ बहुधा 40 तासांचं प्रशिक्षण घेतलेले वकील किंवा निवृत्त न्यायाधीश असतात. तिथे साक्ष नाही, उलटतपासणी नाही. आधी दोघांसमोर बोलणं होतं, मग गरज पडल्यास एकेकाला वेगळं बसवून. त्या खोलीत बोललेलं बाहेर जात नाही, पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. मला या सगळ्यात त्या वेगळ्या बसण्याचं मोल फार वाटतं. दाव्यात चार गुंठ्यांचं अतिक्रमण लिहिलेलं असतं, आणि एकट्याने बोलताना माणूस सांगतो की सामाईक विहिरीवरची माझी पाण्याची पाळी त्यानं ऐन गव्हाच्या वेळी तोडली, बाप गेला तेव्हा दारात आला नाही. न्यायाधीशांना दाव्यातल्या मागणीपुरताच निकाल देता येतो. लग्नाचं आवतण द्या असा हुकूमनामा कुणी करू शकत नाही. तडजोडीच्या कागदावर मात्र विहिरीची पाळी वारांसकट लिहिता येते.

म्हणूनच 1 जुलै 2025 पासून देशभर 90 दिवसांची ‘राष्ट्रासाठी मध्यस्थी’ मोहीम झाली, ते बरंच झालं. पण मोहीम म्हटली की आकडे आले, आणि तिथे माझं मन घुटमळतं. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, तिचा हेतू मोठा होता. तरी मिटवलेल्या तंट्यांवर गावाला बक्षीस मिळणार असेल, तर तक्रार घेऊन येणारी बाई गावाच्या वाटेतला धोंडा वाटू लागते. ‘मिटवून घे बाई’ हे आपल्याकडे कुणाला सांगितलं जातं, हे एकदा मोजून बघावं. मार खाणाऱ्या सुनेला. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीला. भावाला क्वचितच. काही गोष्टी तर मिटवायच्या नसतातच. बलात्काराच्या खटल्यात तडजोडीचा विचारही करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला 2015 मध्ये स्पष्ट सांगावं लागलं.

वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात 1994 च्या दुरुस्तीने आला, देशभर 2005 मध्ये. तरी वाटपाच्या दाव्यात ती मध्यस्थासमोर येते तेव्हा दोन्हीकडे भाऊ बसलेले असतात आणि ती म्हणते, ‘मला काही नको, माहेर राहू द्या.’ घाईतला मध्यस्थ तेवढ्यावर सही घेईल. फाइल बंद होईल, आकड्यात एकाने भर पडेल.

माझी अपेक्षा एवढीच आहे की त्या वेळी भावांना बाहेर पाठवावं. तिच्या हिश्श्याला किती एकर येतात आणि आजच्या भावाने त्याचे किती रुपये होतात, हे तिला तिच्या बोलीत सांगावं. तिचा नकार निकालात तिच्या विरुद्ध जाणार नाही, दावा पुन्हा न्यायाधीशांपुढे जसाच्या तसा उभा राहील, हेही सांगावं. मग तिला विचार करायला पुढची तारीख द्यावी. त्यानंतरही तिने माहेर निवडलं, तर तो तिचा निर्णय. आणि ती नाही म्हणाली, तर मध्यस्थाने अहवालात ‘तडजोड झाली नाही’ असं लिहावं. ते लिहिताना त्याला आपलं काम फसलं असं वाटू नये, आणि वरून कुणी त्याला जाबही विचारू नये.