पार्ट तुमचा, गॅरंटी तुमची

गाडीचे ब्रेक पॅड ऑनलाइन मागवून गॅरेजवर घेऊन गेलात, तर मेकॅनिक सहसा थेट नाही म्हणत नाही. तो डबा उलटसुलट करून बघतो, पार्ट नंबर वाचतो आणि म्हणतो, "बसवून देतो दादा, पण पार्ट तुमचा, गॅरंटी तुमची."

आपल्याला ही धमकी वाटते. कमिशन बुडालं म्हणून बोलतोय, असं आपण मनात म्हणतो. त्याचं कमिशन बुडालेलं असतं हे खरंच. पण त्या चार शब्दांत त्याने एक जुना आणि अवघड प्रश्न आपल्या हातात दिलेला असतो. वस्तू एकाने आणली, काम दुसऱ्याने केलं आणि नंतर काही बिघडलं, तर उत्तर कोणी द्यायचं?

आपला माल देऊन दुसऱ्याकडून काम करून घेणं आपल्याला नवीन नाही. गिरणीत गहू आपला असतो, आपण दळणाचे पैसे देतो. टेलरकडे कापड आपलं, शिलाई त्याची. घराचं काम काढलं की कॉन्ट्रॅक्टर पहिल्यांदा विचारतो, "मटेरियलसकट, की नुसतं लेबर?" आजीच्या पाटल्या मोडून नवीन दागिना करायचा असेल, तर सोनाराशी घट आणि मजुरी यांवर वेगवेगळं बोलणं होतं.

सोनाराचंच उदाहरण दुसऱ्या शतकातल्या गायस या रोमन कायदेपंडिताने घेतलं होतं. त्याचा प्रश्न असा: सोनाराने स्वतःचं सोनं वापरून मला अंगठी करून दिली, तर ही विक्री झाली की मजुरी? कॅसियस नावाच्या विधिज्ञाचं मत होतं, की सोन्याची विक्री आणि कामाची मजुरी असे हे दोन व्यवहार आहेत. बहुतेकांनी मात्र ही सगळी एकच विक्री मानली. पण सोनं माझं असेल, तर कोणाच्याच मनात शंका नव्हती. मग ती फक्त मजुरी.

गॅरेजमध्ये आपण नेमकं हेच करतो. आपला पार्ट घेऊन जातो, तेव्हा मेकॅनिकला विक्रेत्याच्या जागेवरून उठवतो आणि मजुराच्या जागेवर बसवतो. असं करायचा आपल्याला हक्क आहे. पण त्याच्यासोबत आणखी काय काय बदलतं, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आधी पैशांचं बघू. समजा, ब्रेक पॅडच्या डब्यावर एमआरपी २००० रुपये आहे. पुण्यात नाना पेठेतला किंवा दिल्लीत काश्मिरी गेटचा दुकानदार नेहमीच्या मेकॅनिकला तोच डबा १५०० रुपयांना देतो. मेकॅनिक आपल्याला बिल लावतो २००० पार्टचे आणि ४०० मजुरीचे. तेच पॅड आपल्याला ॲपवर १५५० ला दिसतात आणि आपण म्हणतो, ४५० रुपयांना लुटत होता!

पण त्या मजुरीच्या ४०० रुपयांकडे नीट बघा. चाक काढणं, कॅलिपर सोडवणं, पिस्टन मागे ढकलणं, डिस्क तपासणं, पिना साफ करून ग्रीस लावणं, मग चक्कर मारून ब्रेक बघणं. जागेचं भाडं, जॅक, हाताखालचा पोरगा आणि पंधरा वर्षांचा हात, हे सगळं ४०० रुपयांत भागत नाही. ते भागतं पार्टवरच्या ५०० मधून. म्हणजे त्याची अर्धी मजुरी डब्यात लपलेली असते.

ती का लपवावी लागते? कारण उघड मागितली तर आपण देत नाही. "एवढ्याशा कामाचे ९००?" हे वाक्य आपल्या तोंडी तयार असतं. पण २००० ची छापील किंमत आपण मुकाट्याने देतो, कारण ती एका कंपनीने पुठ्ठ्यावर छापलेली असते. आपल्याला वस्तूची किंमत समजते, हाताची समजत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माझ्या कामात पार्ट असा नसतोच. जे बिल लागतं ते तासांचं लागतं, म्हणजे शुद्ध मजुरीचं. तरी क्लायंट माझ्या कंपनीला विचारत नाही, की दोन ओळी बदलायला एवढे तास कसे. त्याने मान्य केलेलं असतं, की कुठल्या दोन ओळी बदलायच्या ते कळण्याचे हे पैसे आहेत. मेकॅनिकचं ज्ञानही अगदी याच जातीचं आहे. आवाज बेअरिंगचा आहे की टायरचा, हे तो गाडी दोनशे मीटर चालवून सांगतो. फरक इतकाच, की माझ्या ज्ञानाला इनव्हॉइसवर स्वतःची ओळ आहे. त्याच्या ज्ञानाला नाही, म्हणून ते पार्टच्या ओळीत शिरून बसलं आहे.

आता दुसरी बाजू. मजुरी अशी लपवण्यात खरंच धोका आहे. कमाई पार्टवर असेल, तर पार्ट बदलण्याचा मोह होणारच. साफ करून चाललं असतं तिथे "बदलावंच लागेल" ऐकू येतं. कधी लोकल माल बसतो आणि बिल ओरिजिनलचं लागतं. ग्राहकाचा संशय हवेतून आलेला नाही. शिवाय हा खेळ कोपऱ्यावरच्या गॅरेजपुरता नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात मिळू न देऊन त्यांनी स्वतंत्र गॅरेजांची वाट अडवली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दंडाच्या रकमेवर पुढे अपिलं झाली, पण मुद्दा सरळ होता: गाडी ज्याची, तिची दुरुस्ती कुठे आणि कशाने करायची हे त्याला ठरवता आलं पाहिजे. बॉश किंवा वालेओसारख्या कंपन्या कारखान्यांना पार्ट पुरवतात आणि स्वतःच्या नावाने बाजारातही विकतात. ते शोधून, तुलना करून आणण्यात गैर काहीच नाही.

म्हणजे स्वतःचा पार्ट नेणं हा गुन्हा नाही. गडबड त्यानंतर सुरू होते. आपल्याला निवड आपली हवी असते आणि जबाबदारी मात्र जुन्याच पत्त्यावर राहायला हवी असते.

क्लच घ्या. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. काम मोठं, पार्ट त्या मानाने छोटा. आपण आणलेली प्लेट महिन्याभरात घसरू लागली, तर विकणारा फार तर प्लेट बदलून देईल. गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी कोण देणार? पार्ट मेकॅनिकने आणला असता, तर या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. दुकानदाराशी भांडणं त्याचं, पुन्हा गाडीखाली झोपणंही त्याचं. तो जो नफा घेत होता, त्याचा एक भाग या दुसऱ्या फेरीसाठी राखलेला होता. आपण तो नफा काढून घेतला, तेव्हा विमाही रद्द केला.

कायदाही या भूमिका वेगळ्या ओळखतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीसाठी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांच्या जबाबदाऱ्या वेगवेगळ्या मांडल्या आहेत. मेकॅनिक पार्ट देतो तेव्हा तो विक्रेताही असतो आणि सेवा देणाराही. पार्ट आपण आणला की तो फक्त सेवा देणारा उरतो. वस्तूसाठी मग विक्रेत्याला आणि उत्पादकाला शोधत फिरायचं काम आपलं.

मग "पार्ट तुमचा, गॅरंटी तुमची" एवढं म्हणून मेकॅनिक मोकळा होतो का? माझ्या मते नाही. बसवण्याचं काम त्याचं आहे, त्याची हमी त्याने दिलीच पाहिजे. बोल्ट सैल राहिला, तर पार्ट कोणी आणला हा प्रश्नच येत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. एकाच मॉडेलला वर्षानुसार वेगळे ब्रेक असू शकतात, म्हणून पार्ट चासी नंबरवरून ताडून घ्यावा लागतो. डब्याची छपाई, पॅडचं वजन, कडांचं फिनिशिंग यांवरून त्याला माल डुप्लिकेट वाटला, तर बसवण्याआधी बोलणं हे त्याचं कर्तव्य आहे. गिऱ्हाईकाला धडा मिळेल म्हणून गप्प बसणं हा अप्रामाणिकपणाच. जाणकार माणसाने निवडीची जबाबदारी सोडली, तरी जे दिसतं ते सांगण्याची जबाबदारी त्याला सोडता येत नाही.

इथे गाडी अंगठीपासून वेगळी होते. अंगठी वाईट झाली तर नुकसान माझं. एसीचा फिल्टर किंवा वायपर स्वस्तातला लावला, तरी बहुतेक माझंच. पण ब्रेक पॅड, टाय रॉड, टायर? "गॅरंटी तुमची" म्हणताना आम्ही दोघं जबाबदारी आपसात वाटून घेत असतो. सिंहगड रोडवर संध्याकाळी रस्ता ओलांडणाऱ्या बाईला त्या वाटणीत कोणी विचारलेलं नसतं. माझ्या गाडीचे ब्रेक लागतील या भरवशावर ती पाऊल टाकते. ती जोखीम माझ्या नावावर करून घेण्याचा मला अधिकारच नाही, कारण ती माझी नाही.

म्हणून एखादा मेकॅनिक म्हणाला, की वायपर आणा, फिल्टर आणा, पण ब्रेकचं सामान बाहेरचं लावणार नाही, तर मला तो आडमुठा वाटत नाही. आपल्या हाताने काय रस्त्यावर जाईल याची मर्यादा तो आखतोय. फक्त त्याने तोच नियम स्वतः आणलेल्या मालालाही लावला पाहिजे. नाहीतर ती नुसती दुकानदारी.

मला सुचणारा प्रामाणिक व्यवहार अगदी साधा आहे. पार्ट मागवण्याआधी मेकॅनिकला विचारायचं, आणू का, आणि कोणता. आपला पार्ट नेला, तर वाढीव मजुरी मागण्याचा त्याचा हक्क मानायचा. पार्टमधला नफाही काढून घ्यायचा आणि मजुरीतही घासाघीस करायची, असं दोन्ही करायचं नाही. पार्ट बिघडला तर दुसऱ्यांदा खोलायचे किती पैसे, हे आधीच बोलून व्हॉट्सॲपवर लिहून ठेवायचं. जुना पार्ट परत मागायचा आणि त्याने तो न चिडता दाखवायचा.

हे सगळं करून कदाचित वाचलेले ४५० रुपये मजुरीतच जातील. जाऊ देत. निदान आपण ते कशासाठी दिले ते दोघांनाही माहीत असेल, आणि बिलावर मेकॅनिकच्या हाताची किंमत त्याच्या हाताच्याच नावाने लिहिलेली असेल.